चाकाचे फेरे आणि वाटेचे दगड

वाहनाला अंतर कळत नाही. त्याला कळतात ते चाकाचे फेरे. चाक एकदा पूर्ण फिरले की गाडी चाकाच्या घेराइतकी पुढे सरकते. घेर ठाऊक असेल आणि फेरे नीट मोजले गेले असतील, तर उरतो तो एक गुणाकार. बैलगाडीचे पाच फूट उंचीचे लाकडी चाक एका फेऱ्यात सुमारे पावणेसोळा फूट वाट मागे टाकते. मैलाला त्याचे ३३६ च्या आसपास फेरे होतात. मोटारसायकलच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर, म्हणजे किलोमीटरला सव्वापाचशे फेरे. एस.टी. बसच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या जवळपास असतो आणि किलोमीटरमागे तो तीनशेहून थोडा अधिक वेळा फिरतो. ज्या यंत्राला पुस्तकात ओडोमीटर आणि लोकांच्या तोंडी नुसते ‘मीटर’ म्हणतात, ते एवढाच हिशेब करते.

अंतर जाणण्याची दुसरी रीत याहून जुनी आहे. तीत मोजमाप गाडीत नसते, वाटेवर असते: रस्त्याकडेचा दगड, रुळालगतचा खांब, बसचा टप्पा. एकदा कोणी वाट मोजून ठेवली की मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो आकडा आयता मिळतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांच्या, मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात वाटेचा हिशेब आधी आला, दीर्घकाळ टिकला, आणि गाडीत मीटर आल्यावरही बऱ्याच व्यवहारांत त्याचेच चालत राहिले.

चाकाच्याही आधी माप होते ते पायाचे आणि दिवसाचे. जवळचे गाव ‘हाकेच्या अंतरावर’, त्यापलीकडचे कोसावर, आणि दूरचे इतक्या मजलांवर. मजल म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल. तिचे टोक म्हणजे मुक्काम. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ या वाटेने जिल्हा ओलांडते, आणि वारकऱ्यांच्या हिशेबात ती वाट आजही मुक्कामांतच मोजली जाते. किलोमीटर विचारला तर सांगता येतो, पण आज कुठे उतरायचे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा असतो.

कोस हे माप सगळीकडे सारखे नव्हते. मराठी मुलखात तो ढोबळमानाने दोन मैलांचा धरला जाई. अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त दिलेला कोस ५,००० इलाही गजांचा आहे, गज सुमारे ३३ इंचांचा धरला तर तो अडीच मैलांहून अधिक भरतो. म्हणजे अकबराच्या फर्मानातला एक कोस आणि कयाधू नदीकाठच्या शेतकऱ्याचा एक कोस यांत अर्ध्या मैलाहून जास्त फरक पडे. तरीही बादशाही फौजेत अंतर केवळ अंदाजाने ठरवत नसत. १५८१ मध्ये अकबराच्या काबूल मोहिमेसोबत गेलेल्या मोन्सेरात या जेझुइट पाद्र्याने नोंदवले आहे की, दररोजच्या कूचाचे अंतर दहा फुटी काठीने मोजण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमलेला होता. हत्ती, घोडे, तोफा आणि तंबू यांचा एवढा मोठा पसारा, आणि त्याची वाटचाल मोजायला एक माणूस व एक काठी.

फेरे मोजून अंतर काढण्याची कल्पना मात्र त्याच्याही दीड हजार वर्षे आधीची. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अशा गाडीचे वर्णन केले आहे. तिचे चाक चार फूट व्यासाचे. एका फेऱ्यात साडेबारा फूट जाणारे. चारशे फेऱ्यांनंतर, म्हणजे ५,००० फुटांचा एक रोमन मैल पुरा झाल्यावर, दात्यांच्या चक्रांमधून एक खडा खालच्या पेटीत टपकन पडे. दिवसाखेर पेटीतले खडे मोजले की मैल कळत. प्राचीन चीनमध्येही अशी गाडी होती. तिच्यावर बसवलेली लाकडी बाहुली प्रत्येक ‘ली’ अंतराला ढोल वाजवी. दोन्हींची युक्ती एकच: चाकाची वेगवान फिरत दात्यांनी हळू करत न्यायची आणि शेवटच्या चक्राला ठरलेल्या अंतरावरच एक पाऊल टाकू द्यायचे. आजच्या मीटरमध्ये याहून वेगळे तत्त्व नाही.

ही कल्पना मराठवाड्याच्या वाटांवर रुजली नाही, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. एकोणिसाव्या शतकात पक्के रस्ते होण्याआधी दख्खनमधला लांब पल्ल्याचा माल चाकावर फारसा जातच नव्हता. धान्य आणि मीठ वाहत ते लमाण तांड्यांचे बैल, पाठीवर गोण्या लादून. पावसाळ्यात इथली काळी जमीन चाक गिळते. चार पायांचे जनावर त्यातून वाट काढते, गाडी रुतते. ज्या वाहतुकीला चाकच नाही तिथे फेरे मोजणार कशाचे? गाड्या होत्या त्या गावातल्या: शेत ते खळे, खळे ते आठवडी बाजार. त्या वाटा इतक्या पायाखालच्या की त्यांना मोजमाप लागत नव्हते. गाडीची बाकी सारी शब्दसंपत्ती मात्र मराठीत नांदली: तुंबा, आरे, आख, वंगण, आणि चाकावर तापवून चढवलेली लोखंडी ‘धाव’. चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाचे नाव धाव असावे, हे अंतरमापनाच्या दृष्टीने फार नेमके आहे. जे काही मोजायचे ते त्या पट्टीच्या लांबीवरच मोजले जाते.

हिंगोलीच्या परिसरात चाकाने अंतर मोजणे आले ते लष्करासोबत. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे हिंगोली हे एक ठाणे होते, आणि १९०३ पर्यंत इथे छावणी होती. पलटणीला एका ठाण्यावरून दुसरीकडे हलवायचे तर रोजचे कूच आखावे लागे, चारा-पाण्याची सोय आधी पाहावी लागे. त्यासाठी अंतर मैलांत आणि फर्लांगांत हवे. ‘दोन कोस असेल’ या उत्तरावर पलटण हलत नाही.

त्या काळच्या वाट-मोजणीचे हत्यार म्हणजे पेरॅम्ब्युलेटर: एकच चाक, त्याला लांब दांडा, आणि दांड्यापाशी फेरे नोंदवणारी तबकडी. माणूस ते हाताने ढकलत वाटेने चालत जाई. इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या चाकाचा घेर ८ फूट ३ इंच ठेवलेला असे. आकडा विचित्र वाटतो, पण त्यात सोय होती: ६४० फेऱ्यांना बरोबर ५,२८० फूट, म्हणजे एक मैल भरतो. हिंदुस्थानच्या पहिल्या सर्वेक्षकांनी वाटांच्या मोजणीसाठी हेच साधन वापरले. त्याचे दोष त्यांना ठाऊक होते. चाक प्रत्येक खड्ड्यात उतरते आणि प्रत्येक उंचवट्यावर चढते, म्हणून ते नकाशावरच्या सपाट अंतरापेक्षा नेहमी जास्तच दाखवते. वाट वळणे घेत जाते, तेव्हा दोन गावांमधले सरळ अंतर काढण्यासाठी आणखी वजावट करावी लागते. जेम्स रेनेलने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानचा नकाशा रचताना प्रवाशांनी सांगितलेले कोस आणि वळणांची वजावट यांचाच मोठा खल केला.

खरी अचूकता हवी होती तिथे चाक बाजूला ठेवले गेले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण पोलादी साखळीने पायारेषा मोजून आणि मग फक्त कोन मोजत उत्तरेकडे सरकले. त्याचा महाकंस बिदरमार्गे हिंगोलीच्या पूर्वेकडून वर गेला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटनचे हिंगणघाट येथे निधन झाले आणि पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. त्रिकोणांनी गावांच्या जागा पक्क्या केल्या. त्या जागांमधल्या वाटा भरण्याचे काम चाकाकडे आणि साखळीकडे राहिले. यातूनच १८५४ च्या थॉर्नटनच्या गॅझेटिअरसारखी पुस्तके तयार झाली. त्यांत एखाद्या गावाची नोंद बहुधा त्याच्या दिशेने आणि मैलांतल्या अंतराने होते. ज्या गावाला स्वतःचा कोस पुरेसा होता, त्याला आता दूरच्या राजधानीपासूनचा एक आकडा चिकटला.

प्रवासी गाडीच्या चाकाचे फेरे मोजण्याचा प्रयत्न त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला झाला. १८४७ मध्ये अमेरिकेच्या गवताळ मैदानातून पश्चिमेला निघालेल्या मॉर्मन पंथीयांच्या तांड्यात विल्यम क्लेटन याने गाडीच्या चाकाला तांबडे फडके बांधले आणि ते किती वेळा वर येते हे चालता चालता मोजत राहिला. चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणून ३६० फेऱ्यांना बरोबर मैल. दिवसभराच्या मोजणीचा कंटाळा आल्यावर तांड्यातल्या सुताराच्या मदतीने लाकडी दात्यांचे यंत्र करवले गेले. मराठवाड्यातल्या बैलगाडीच्या चाकाचा घेर याहून थोडासाच मोठा; तेच फडके आणि तेच दाते इथेही चालले असते. पण क्लेटनला अनोळखी मुलखाची वाट मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवायची होती. इथल्या गाडीवानाची वाट त्याच्या आजाने तुडवलेली होती.

रस्ते झाले तसे मैलाचे दगड आले. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू असल्याने दफ्तरात तो ‘संग-ए-मील’, गावात मैलाचा दगड. रस्ता साखळीने मोजत. मराठी मुलखातल्या जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिच्या वर्गाने गुंठा होतो, आणि अशा १६० साखळ्या टाकल्या की मैल. शेताचे माप आणि रस्त्याचे माप असे एकाच कडीत बसत होते.

रेल्वेने वाटेचा हिशेब आणखी पक्का केला. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी परभणी, पूर्णा आणि नांदेडमार्गे सुरू झाला होता. त्यावरच्या पूर्णा जंक्शनहून हिंगोलीपर्यंतचा सुमारे ८० किलोमीटरचा फाटा १९१२ मध्ये खुला झाला. रुळाइतकी नेमकी मोजलेली वाट दुसरी नसते. वळणे ठरलेली, चढ ठरलेले, आणि कडेच्या खांबांवर आकडे: वर मैल किंवा किलोमीटर, खाली त्या अंतरातला खांबाचा क्रमांक. इंजिन चालवणारा घड्याळ आणि खांब पाहून वेग काढू शके. तिकिटाचे भाडेही स्थानकांमधल्या छापील अंतराच्या कोष्टकावरून ठरे. डब्याच्या चाकाला कोणी विचारत नसे. इंजिनात वेगमापक आले तेव्हा त्यांनाही एक अडचण होती, आणि ती आजही आहे. झिजलेले पोलादी चाक लेथवर तासले की त्याचा व्यास कमी होतो, आणि यंत्रात नवा व्यास भरला नाही तर वेग आणि अंतर दोन्ही चुकतात. २००८ मध्ये अकोला–पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला. ‘हिंगोली डेक्कन’ या स्थानकाच्या नावात जुन्या राज्याची खूण शिल्लक आहे.

गाडीतले मीटर जन्मले ते सायकलीमुळे. अमेरिकेतल्या कर्टिस व्हीडर याने १८९५ मध्ये सायकलच्या चाकाला लावायचा छोटा फेरे-मापक बाजारात आणला. आऱ्याला बसवलेली खुंटी दर फेऱ्याला एका ताऱ्याच्या आकाराच्या चक्राला ठोकर देई आणि आकडे पुढे सरकत. मोटारींसाठी वेगाचा काटा आला तो १९०२ मध्ये जर्मनीत ऑटो शुल्झे याने घेतलेल्या पेटंटमधून: फिरणारे चुंबक, त्याभोवती धातूची वाटी, वाटीला काटा आणि काट्याला मागे ओढणारी स्प्रिंग. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वॉर्नर बंधूंनी आपले ‘ऑटो-मीटर’ विकायला काढले. वेगाचा काटा आणि अंतराचे आकडे एकाच डब्यात आले, एकाच केबलवर चालू लागले, आणि तेव्हापासून लोक त्यांना एकच यंत्र समजतात. प्रत्यक्षात दोघांचे काम अगदी वेगळे आहे. काटा चुंबकाच्या ओढीवर हलतो, म्हणून स्प्रिंग सैल झाली की चुकतो. आकडे दात्यांनी बांधलेले असतात; केबल फिरत आहे तोवर फेरे मोजण्यात ते चुकू शकत नाहीत, आणि केबल तुटली की जागच्या जागी थांबतात.

हैदराबाद संस्थानात सार्वजनिक बस १९३२ मध्ये सुरू झाली. त्याच्या दोन वर्षे आधी संस्थानातली रेल्वे सरकारने कंपनीकडून ताब्यात घेतली होती, आणि त्याच रेल्वेच्या खात्याने २७ बसगाड्यांसह रस्ते वाहतूक हाती घेतली. रेल्वेने बस चालवावी याचा परिणाम हिशेबाच्या पद्धतीवर होणे स्वाभाविक होते. ठरलेली वाट, ठरलेले थांबे, ठरलेले अंतर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात मिसळली. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी ही आगारे एस.टी.च्या परभणी विभागात येतात.

एस.टी.चा प्रवासी अंतर विकत घेतो ते टप्प्याने. टप्पा सहा किलोमीटरचा. कोणी तेरा किलोमीटर गेला तरी भाडे तीन टप्प्यांचे. कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तेव्हाही, आणि आता तिकीट छापणारे यंत्र आहे तेव्हाही, त्याला माहीत असतो तो टप्प्याचा क्रमांक. चालकासमोरच्या मीटरचा आणि कंडक्टरच्या यंत्राचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. बस पुलावर पाणी आले म्हणून वळसा घालून गेली तरी तिकिटात फरक पडत नाही. आगारातला हिशेबही नेमून दिलेल्या फेऱ्यांवर चालतो: कोणत्या शेड्यूलला किती किलोमीटर, त्यातले रिकामे किती, प्रति किलोमीटर उत्पन्न किती, एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती गेली. टायरची वयेही किलोमीटरमध्ये लिहिली जातात. हे सारे आकडे चाकाचे वाटतात, पण बहुतेक वाटेचे असतात; मार्ग एकदा मोजून ठेवला आणि फेऱ्यांच्या संख्येने गुणले. ही पद्धत मागासलेली म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या गाडीची वाट वर्षानुवर्षे बदलत नाही, तिच्यासाठी एकदा नीट मोजलेला रस्ता हा बिघडू शकणाऱ्या केबलपेक्षा जास्त विश्वासाचा असतो.

वाटेच्या आकड्यांचाही एक कच्चा दुवा आहे: शून्य कुठे धरायचे. परंपरेने शहराचे अंतर तिथल्या मुख्य टपाल कार्यालयापर्यंत धरत. एस.टी. ते बसस्थानकापासून धरते, रेल्वे स्थानकापासून, बांधकाम खाते रस्त्याच्या आरंभबिंदूपासून. म्हणून हिंगोली ते वसमत किंवा हिंगोली ते नांदेड किती किलोमीटर यावर दोन जाणती माणसे वाद घालतात तेव्हा दोघेही खरे असू शकतात.

दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. रस्त्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर आले, गाड्यांच्या तबकड्या बदलल्या. किलोमीटरच्या दगडाचा माथा राष्ट्रीय महामार्गावर पिवळा आणि राज्यमार्गावर हिरवा; दर पाचवा दगड मोठा; मधे दोनशे-दोनशे मीटरला छोटे दगड. माप बदलले, भाषा बदलली नाही. किलोमीटर कोरलेल्या त्या दगडाला आजही मैलाचाच दगड म्हणतात.

खासगी गाड्या खेड्यांत पोहोचल्या तेव्हा मीटर घरोघरचे झाले. जुन्या मोटारसायकलींत पुढच्या चाकाच्या तुंब्यापाशी एक छोटा मळसूत्री गिअर असे. त्यातून निघालेली केबल हँडलवरच्या डब्यात जाई. आत आकड्यांची पाच-सहा चक्रे एका आसावर शेजारी शेजारी. उजवीकडचे चक्र एक पूर्ण फेरा घेते तेव्हा मधली छोटी दातेरी खुंटी डावीकडच्या चक्राला एक दशांश ढकलते. पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, म्हणून जुनी गाडी कधीकधी आकड्याने नवी दिसे. चिखलाच्या वाटांवर केबल गंजते, तिचे तेल सुकते, मग काटा थरथरतो आणि एक दिवस केबल तुटते. शेतावर जाणाऱ्या किती गाड्यांचे मीटर त्यानंतर कधीच दुरुस्त झाले नाही! गाडी चालते, दूध पोचते, पोर शाळेत जाते. अंतर सगळ्यांना माहीतच असते.

चालू मीटरही पूर्ण खरे बोलत नाही. कारखान्यात दात्यांचे प्रमाण नव्या टायरच्या घेरावर ठरवलेले असते. बसच्या टायरचा सेंटिमीटरभर थर झिजला की घेर सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. तेवढ्याच अंतराला फेरे जास्त होतात आणि मीटर शंभर किलोमीटरला एकशेदोन दाखवते. हवा कमी असेल, गाडीत माल खच्चून भरलेला असेल, तरी टायर दबतो आणि चूक त्याच बाजूला जाते. उलट, मूळ मापापेक्षा मोठा टायर चढवला की मीटर कमी मोजते.

सरकारी गाडीसाठी मीटरचा आकडा हा पुरावाच असतो. लॉगबुकात निघतानाचा आकडा, परतल्यावरचा आकडा, प्रवासाचे कारण आणि अधिकाऱ्याची सही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा या लॉगबुकांतली बेरीज खूप बदलली असणार. त्याआधी हिंगोलीकराला जिल्ह्याच्या कामासाठी सत्तर-ऐंशी किलोमीटरवरची परभणी गाठावी लागे. ते अंतर वाचणे हाच नव्या जिल्ह्याचा सर्वांत ठोस लाभ होता.

भाड्याच्या व्यवहारात मीटर आणि वाट यांची सरमिसळ दिसते. लग्नाला किंवा दवाखान्याला केलेली गाडी किलोमीटरवर ठरते, दिवसाला किमान अंतराच्या बोलीवर, आणि निघताना-परतताना मीटर पाहिले जाते. काळी-पिवळी जीप आणि गावातली रिक्षा सीटवर चालतात. त्यांचे भाडे मुक्कामाच्या नावाने ठरलेले असते. माल नेणारा टेम्पो खेपेवर ठरतो. वसमतचा पूर्णा किंवा कुरुंद्याचा टोकाई सहकारी साखर कारखाना यांच्यासारख्या ठिकाणी उसाच्या वाहतुकीचे दर गाव गव्हाणीपासून किती दूर यावर बसवले जातात. बैलांची टायरगाडी असो वा ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्या चाकांना मीटर नसतेच. पुन्हा वाटेचे कोष्टकच कामी येते.

आणि मग ट्रॅक्टर. सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या या जिल्ह्यात हे वाहन सर्वांत कष्टाचे काम करते, आणि त्याच्या समोरच्या फळीवर किलोमीटर नसतात; असतात ते तास. कारण सरळ आहे. नांगर ओढताना मागची मोठी चाके काळ्या मातीत घसरतात, फेरे होतात पण ट्रॅक्टर तेवढा पुढे जात नाही. मळणी चालू असताना किंवा वसमतच्या पट्ट्यात शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये पॉलिश होत असताना तर ट्रॅक्टर जागचा हलत नाही आणि इंजिन पूर्ण जोरात चालू असते. अशा यंत्राची झीज अंतराने मोजणे निरर्थक. म्हणून मोजायची ती इंजिनाची फिरत. जुन्या यांत्रिक तास-मापकात एक तास म्हणजे घड्याळाचा तास नव्हे. ठरलेल्या गतीने इंजिन तासभर फिरले की एक तास पडतो. निम्म्या गतीने फिरले तर अर्धाच. तेल बदलायचे, फिल्टर बदलायचे ते या तासांवर. मराठीत ‘तास’ या शब्दाचा दुसरा अर्थ नांगराने पाडलेली सरी असा आहे, आणि ट्रॅक्टरच्या मीटरवर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. काळाने मोजण्याची ही रीत नवी नाही: तासावर भाड्याने मिळणारी सायकल आणि दिवसाची मजल यांच्याच कुळातली ती आहे.

नव्या गाड्यांत केबल गेली. चाकापाशी किंवा गिअरबॉक्सवर एक संवेदक असतो. दातेरी कडी त्याच्यासमोरून फिरते, प्रत्येक दाताला विजेचा एक ठोका पडतो, आणि छोटा संगणक ठोके मोजून अंतर काढतो. बेरीज स्मृतीच्या चिपमध्ये साठते, म्हणून बॅटरी काढली तरी ती पुसली जात नाही. पण लबाडी यानेही थांबली नाही. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘रनिंग किती झाली?’ आणि त्या उत्तरावर किंमत हलते. यांत्रिक मीटर उघडून आकडे हाताने मागे फिरवत. आता चिपमधला आकडा नव्याने लिहितात. म्हणून जाणता गिऱ्हाईक मीटरकडे कमी आणि क्लचच्या पायदांडीच्या रबराकडे, स्टिअरिंगच्या झिजेकडे आणि सर्व्हिसच्या पुस्तिकेकडे जास्त पाहतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत तर तास कितीही दिसोत, इंजिन चालू करून धूर पाहिल्याशिवाय सौदा होत नाही.

सार्वजनिक वाहनांत उपग्रहावरून ठिकाण कळवणारी यंत्रे आली आणि तिसरी रीत सुरू झाली. हे यंत्र फेरे मोजत नाही आणि दगडही पाहत नाही. ठरावीक सेकंदांनी गाडीचे ठिकाण नोंदवते आणि बिंदू सरळ रेषांनी जोडून लांबी काढते. दोन नोंदींमध्ये रस्ता वळला तर ते वळण कापले जाते, म्हणून घाटात किंवा नागमोडी शिवरस्त्यावर त्याचे अंतर थोडे कमी भरते. झिजलेल्या टायरवरचे मीटर जास्त दाखवते, उपग्रह कमी. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी आणि वारंगा फाटामार्गे नांदेडकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या महामार्गावर ही तिन्ही मोजमापे आज शेजारी शेजारी चालतात: कडेला पिवळ्या माथ्याचा दगड, डॅशबोर्डवर चाकाचे आकडे, आणि मोबाईलच्या पडद्यावर उपग्रहाचा हिशेब. तिघांचे उत्तर काही शे मीटरांनी वेगळे येते, आणि एस.टी.चे तिकीट मात्र सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांनीच फाडले जाते.